स्वधर्म, अधिकारभेद आणि एकायन मार्ग
धुळे तुरुंगातील 'गीताप्रवचने'चे एक परीक्षण

धुळे शहराच्या इतिहासात दोन स्मृती अशा आहेत की, त्या एकमेकींशेजारी ठेवून क्वचितच पाहिल्या जातात. पहिली स्मृती १९३२ सालच्या धुळे तुरुंगाची. सविनय कायदेभंगाच्या चळवळीतील सत्याग्रही तेथे बंदिवासात असताना आचार्य विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे, गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने केली आणि सानेगुरुजींनी ती उतरवून घेतली. दुसरी स्मृती शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा रस्त्यावरील लळिंगची. तेथील लांडोर बंगल्यात १९३७ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा मुक्काम झाला होता. त्या मुक्कामाच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलै रोजी खानदेशातील धम्मबांधव मोठ्या संख्येने तेथे जमतात.

तुरुंगातील प्रवचनांत जो विचार मांडला गेला, त्याचा गाभा स्वधर्म हा होता. लळिंगला ज्यांचे स्मरण केले जाते, त्यांनी त्या मुक्कामाच्या दोनच वर्षे आधी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील येवले येथे, जन्माने आलेला धर्म आपण सोडणार असल्याचे जाहीर केले होते. एका विचारात धर्म जन्माबरोबर येतो. दुसऱ्यात तो पारखून स्वीकारावा लागतो. हे दोन विचार परस्परपूरक आहेत, की त्यांपैकी एकाची निवड करणे अपरिहार्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथांपुरता राहिलेला नाही. आपल्या विहारांतील अभ्यासवर्गांत तो निराळ्या भाषेत ऐकू येतो. "प्रत्येकाची वृत्ती वेगळी, म्हणून प्रत्येकाचा मार्ग वेगळा. कोणाला विपश्यना मानवते, कोणाला चळवळ, कोणाला पूजापाठ. ज्याला जे पटेल ते त्याने करावे. दुसऱ्याच्या मार्गाविषयी कोणी बोलू नये." असे म्हणणारा तरुण बहुधा सुशिक्षित असतो आणि आपण उदारमतवादी आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. या भूमिकेला तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत सापेक्षतावाद म्हणतात. ती आधुनिक वाटते, परंतु आपल्या देशात तिचा एक फार जुना नातलग आहे. त्याचे नाव अधिकारभेद. या दोहोंचे नाते ओळखल्यावाचून आपल्याला या तरुणाशी नीट बोलता येणार नाही.

मासा आणि दूध

'गीताप्रवचने' हा मराठी गद्यातील एक महत्त्वाचा ग्रंथ आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. तुरुंगातील सामान्य बंद्यांसमोर, घरगुती दाखल्यांनी आणि सोप्या वाक्यांनी गहन विषय मांडण्याची विनोबांची हातोटी असामान्य होती. त्यांच्या हेतूविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. १९५३ साली देवघर येथील वैद्यनाथ मंदिरात अस्पृश्यांसह प्रवेश करू पाहताना त्यांनी पंड्यांचा मार खाल्ला. त्यांनी धम्मपदाची नवसंहिता सिद्ध केली आणि १९५४ साली बोधगया येथे समन्वय आश्रम स्थापन केला. अशा व्यक्तीच्या विचाराचे परीक्षण करताना व्यक्ती आणि विचार यांची गल्लत होऊ देता कामा नये. परंतु सज्जनाच्या मुखातून आला म्हणून विचार निर्दोष ठरत नाही, हेही तितकेच खरे आहे.

पहिल्याच प्रवचनात विनोबा स्वधर्माची कल्पना स्पष्ट करतात. त्यांच्या मते स्वधर्म शोधावा लागत नाही. तो निसर्गतःच प्राप्त होतो. तो आपल्या जन्माबरोबर, किंबहुना जन्माच्या आधीपासून, आईप्रमाणे आपली वाट पाहत असतो. दुसऱ्याचा धर्म श्रेष्ठ वाटला तरी तो आपल्याला हितकर नव्हे. यासाठी ते माशाचा दाखला देतात. पाण्यापेक्षा दूध मोलाचे आहे. म्हणून मासा दुधात राहू म्हणेल, तर तो जगणार नाही.

या कल्पनेत एक ग्राह्य अंश आहे. जवळची सेवा सोडून दूरच्या थोर कार्याची स्वप्ने पाहणे ही पळवाट होऊ शकते. वृद्ध आईवडील, शेजारी, आपला गाव यांचे ऋण आपण मागितलेले नसते, तरीही ते आपले असते. सिगालाला तथागतांनी दिलेल्या उपदेशातही मातापिता, गुरू, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण यांच्याविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. तेव्हा निकटच्या कर्तव्याशी आपला वाद नाही. वाद आहे तो माशाशी.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात नेमका हाच प्रश्न आला आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद होतो : मनुष्य जन्माने ब्राह्मण होतो, की कर्माने? तथागत उत्तराची सुरुवात निसर्गापासून करतात. गवत आणि वृक्ष, किडे आणि मुंग्या, चतुष्पाद प्राणी, सर्प, पाण्यातले मासे, आकाशातले पक्षी या प्रत्येकांत जातिभेदक लक्षणे आहेत. मनुष्याच्या केसांत, कानांत, डोळ्यांत, हातापायांत अशी लक्षणे नाहीत. मनुष्यांतील भेद हा केवळ व्यवहारातील नावाचा भेद आहे. या यादीत मासे आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माशाने पाण्यात राहणे हा त्याच्या शरीररचनेचा भाग आहे. कल्ले असलेला प्राणी दुधात जगत नाही. परंतु कुंभाराच्या मुलाने मडकी घडवणे किंवा महाराच्या मुलाने मेलेले ढोर ओढणे हा कोणत्या शरीररचनेचा भाग आहे? मनुष्याला मासा मानले की सामाजिक व्यवस्था निसर्ग बनते आणि निसर्गाविरुद्ध तक्रार करता येत नाही. विनोबांच्या दाखल्यातील दोष येथे आहे. तो दाखला चुकून निवडला गेला असे नव्हे. स्वधर्म 'निसर्गतः प्राप्त' ठरवावयाचा तर असाच दाखला लागतो.

शिवाय काळही लक्षात घ्यावा. ही प्रवचने चालू होती तेव्हा २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह संपलेला नव्हता. त्याच्या तीन वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले म्हणून माणसांची डोकी फुटली होती. प्रवचने संपल्यावर दोन महिन्यांच्या आत जातीय निवाडा जाहीर झाला आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. ज्यांना तळ्यातील पाणीही मिळत नव्हते, त्यांच्या दृष्टीने 'आपल्या पाण्यात राहा' या उपदेशाचा अर्थ काय होत होता, हा प्रश्न त्या अठरा रविवारी तुरुंगात कोणी विचारल्याचे ग्रंथात दिसत नाही.

न्यायाधीशाचा पुत्र

पहिल्या प्रवचनातील दुसरा दाखला एका न्यायाधीशाचा आहे. शेकडो अपराध्यांना त्याने फाशीची शिक्षा ठोठावली. एके दिवशी त्याचाच मुलगा खुनी म्हणून त्याच्यासमोर उभा राहतो. आणि तेव्हा न्यायाधीश फाशीची शिक्षा कशी अमानुष आहे, याविषयी बोलू लागतो. विनोबांचा निष्कर्ष असा की, हे विचार विवेकातून नव्हे, तर पुत्रमोहातून आले आहेत. अर्जुनाची अहिंसाही तशीच होती; म्हणून तिचे उत्तर तिच्या युक्तिवादाला नव्हे, तर त्यामागील मोहाला द्यावयाचे.

मानसशास्त्राच्या दृष्टीने हे निरीक्षण मार्मिक आहे. आपण सर्वजण कधी ना कधी त्या न्यायाधीशासारखे वागतो. परंतु युक्तिवाद कोठून आला आणि तो खरा आहे की खोटा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. न्यायाधीश मोहग्रस्त असेल; तथापि फाशी अमानुष आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या मोहाने खोटा पडत नाही. आजवर दुसऱ्यांच्या मुलांना फाशी देताना त्याला जे दुःख दिसले नाही, ते आपल्या मुलामुळे प्रथमच दिसले, असेही म्हणता येईल. अशा मनुष्याला काय सांगावे? 'पूर्वीसारखा निकाल देत राहा', की 'जे दुःख आज तुला दिसले, ते सर्वांच्या मुलांच्या बाबतीत पाहा'?

बौद्ध परंपरेने दिलेले उत्तर किसा गोतमीच्या कथेत आहे. मृत बालक कडेवर घेऊन औषध मागणारी ती माता पूर्णपणे पुत्रमोहात बुडालेली होती. तथागतांनी तिला तिच्या कुळाचे किंवा स्त्रीपणाचे कर्तव्य सांगितले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही, अशा घरून मोहरी आणण्यास त्यांनी पाठविले. दारोदार फिरताना तिचे दुःख सर्वांच्या दुःखाला जाऊन मिळाले आणि मोह गळून पडला. मोहाचा निरास विस्ताराने झाला. गीतेतील उपाय अर्जुनाला त्याच्या जन्मसिद्ध स्थानावर परत उभे करतो. तथागतांचा उपाय किसा गोतमीला तिच्या स्थानाच्या पलीकडे नेतो.

अधिकारभेदाचे दोन मजले

गीतेच्या समर्थकांकडून येथे एक आक्षेप येईल. गीता तर सर्वांना मोक्ष देते. नवव्या अध्यायातील ३२ व्या श्लोकात स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांनाही परमगतीचे आश्वासन आहे. मग विषमता कोठे राहिली? उत्तर असे की, इमारतीला दोन मजले आहेत. वरच्या मजल्यावर, म्हणजे मोक्षाच्या ठिकाणी, सर्वांना प्रवेश आहे. खालच्या मजल्यावर, म्हणजे या जगात, प्रत्येकाने आपापल्या खोलीत राहावयाचे आहे. अठराव्या अध्यायातील ४१ ते ४८ हे श्लोक खोल्यांची वाटणी करतात आणि सदोष असले तरी सहज कर्म सोडू नये, असे बजावतात. तिसऱ्या अध्यायातील २६ वा श्लोक तर त्याहून पुढे जातो : कर्मात आसक्त असलेल्या अज्ञ जनांचा बुद्धिभेद ज्ञानी मनुष्याने करू नये. 'ज्याला जे मानवते ते त्याला करू द्यावे' या उदार वाक्याचा हा जुना पाठ आहे. ज्ञान्याला ठाऊक आहे की अज्ञ मनुष्य चुकतो आहे. तरी त्याला तसेच ठेवणे हेच ज्ञान्याचे औदार्य!

बाबासाहेबांनी गीतेवरील आपल्या निबंधात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९८७ साली शासनाने प्रकाशित केलेल्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात आला, नेमके हेच दाखवून दिले की, गीता चातुर्वर्ण्याला तात्त्विक अधिष्ठान देते. सांख्यांच्या गुणकल्पनेचा उपयोग करून जे सामाजिक होते, त्याला स्वाभाविक ठरविते. १९३६ सालच्या जातिसंहारविषयक प्रबंधावर गांधीजींनी 'हरिजन'मधून जी टीका केली, तीतही वडिलोपार्जित व्यवसायाने उपजीविका करावी, हा वर्णाचा नियम म्हणून सांगितला होता. येवल्याच्या घोषणेनंतर, धर्म हा इच्छेनुसार बदलावयाचे घर किंवा अंगरखा नव्हे, अशा आशयाचे त्यांचे निवेदनही प्रसिद्ध झाले होते. म्हणजे स्वधर्माची ही कल्पना धुळ्याच्या तुरुंगापुरती नव्हती. ती त्या काळच्या संपूर्ण सुधारकी हिंदू विचाराची भूमिका होती. 'सर्व धर्म सारखेच सत्य आहेत, म्हणून आपापल्या धर्मात राहा' हे तिचे सर्वपरिचित रूप. या वाक्यातील पूर्वार्ध सापेक्षतावादी आहे आणि उत्तरार्ध स्थितिवादी आहे. सर्व मार्ग सारखे असतील, तर मार्ग बदलण्यासही हरकत नसावी. ज्या अर्थी हरकत घेतली गेली, त्या अर्थी पूर्वार्ध मनापासून उच्चारलेला नव्हता.

अमळनेरचा विचार

सापेक्षतेचा अधिक प्रामाणिक आणि अधिक सखोल विचारही खानदेशातच झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. अमळनेर येथे १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांच्या दातृत्वाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. सानेगुरुजीही ऐन तारुण्यात तेथे अध्ययनासाठी आले होते. या संस्थेशी १९३० च्या दशकात संचालक म्हणून संबंध आलेले बंगाली तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी १९३४ साली 'केवल' आणि त्याची पर्यायी रूपे, या विषयावर एक निबंध लिहिला. त्यांची भूमिका थोडक्यात अशी की, ज्ञान, संकल्प आणि भावना या जाणिवेच्या तीन वृत्तींना अनुसरून अंतिम तत्त्व सत्य, स्वातंत्र्य आणि मूल्य या तीन रूपांनी प्रतीत होते. यांपैकी कोणतेही एक रूप दुसऱ्यात विलीन करता येत नाही आणि कोणतेही एक श्रेष्ठ ठरविता येत नाही. अद्वैत वेदान्ताबरोबर शून्यवादी म्हटल्या जाणाऱ्या बौद्ध मतालाही त्यांनी एक स्वतंत्र आणि समान पर्याय म्हणून मान दिला.

हा विचार अधिकारभेदाहून मूलतः भिन्न आहे. येथे पर्याय जन्माने वाटून दिलेले नाहीत. एकाच मनुष्यासमोर तिन्ही वाटा मोकळ्या आहेत आणि कोणतीही वाट खालची नाही. बुद्धिभेद करू नये, असेही येथे कोणी म्हणत नाही. उलट बुद्धीला भेद स्पष्ट दिसावेत, हाच सारा प्रयत्न आहे. आजचा सुशिक्षित तरुण ज्या बहुमार्गवादाचा पुरस्कार करतो, त्याचे उदात्त रूप ते हेच.

तरीसुद्धा धम्माच्या दृष्टीने त्यात एक उणीव राहते. ही निवड एका एकट्या जाणिवेची आहे. माझ्या निवडीने दुसऱ्याच्या जीवनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्या रचनेत उद्भवतच नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांत जो भेद केला, तो येथे निर्णायक ठरतो. धर्म वैयक्तिक मानला जातो. धम्म सामाजिक आहे. मनुष्य एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. परंतु दोन माणसे एकत्र आली की धम्मावाचून त्यांना गत्यंतर नाही. मार्ग ही केवळ प्रवाशाची खाजगी बाब नव्हे. मार्गावर इतरही चालत असतात आणि काहींच्या अंगावरून तो मार्ग गेलेला असतो.

धम्मातील विविधता

मग धम्म सर्वांना एकाच साच्यात घालतो काय? तसे मुळीच नाही. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी विसुद्धिमग्गात चाळीस कर्मस्थाने सांगितली आणि राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी व वितर्क अशी सहा चरिते वर्णिली. रागचरिताला अशुभभावना, द्वेषचरिताला मैत्री, वितर्कचरिताला आनापानस्मृती, अशी ती योजना आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ न होणाऱ्या चूळपंथकाला तथागतांनी गाथेऐवजी हातात धरण्यास स्वच्छ वस्त्र दिले. अतिरेकी उद्योगाने पाय रक्तबंबाळ करून घेणाऱ्या सोणाला वीणेच्या तारेचा दाखला दिला. उपाय माणसागणिक निराळे होते.

प्रदेशभेदही मानला गेला. विनयपिटकाच्या महावग्गात सोण कुटिकण्णाची कथा आहे. अवंती-दक्षिणापथात भिक्खू थोडे आहेत, तेथील जमीन काळी आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, अशी अडचण महाकच्चायनांनी त्याच्याकरवी कळविली. आणि तथागतांनी तेथे दहाऐवजी पाच भिक्खूंच्या संघाने उपसंपदा देण्यास व अनेक पदरी तळाची पायताणे वापरण्यास अनुमती दिली. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यांतील कपाशीची काळी जमीन उन्हाळ्यात तुडविणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अनुमती का लागली, हे वेगळे सांगावयास नको.

जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्यातही हीच गोष्ट दिसते. नवव्या आणि दहाव्या लेण्यांत मूर्तिरहित स्तूप आहे. कित्येक शतकांनंतरच्या एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांत स्तूपावरच बुद्धमूर्ती कोरलेली आहे. पूजेची पद्धत पालटली, परंतु दोन्ही एकाच दरीत, एकाच नदीच्या काठी आहेत.

तेव्हा प्रश्न 'विविधता हवी की नको' असा नाही. विविधता कशाच्या आधारे, हा खरा प्रश्न आहे. चरित आणि जाती यांत तीन भेद आहेत. चरित निरीक्षणाने कळते. जाती जन्माने चिकटते. चरित साधनेने पालटते, नव्हे, ते पालटावे यासाठीच कर्मस्थान दिले जाते. जाती मरेपर्यंत पालटत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, चरित कोणतेही असो, शील सर्वांना एकच आहे. रागचरिताला एक पंचशील आणि द्वेषचरिताला दुसरे, असे विसुद्धिमग्गात कोठेही नाही. औषध रोग्याप्रमाणे बदलते, परंतु आरोग्याची व्याख्या बदलत नाही. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या मिळाली, सुनीत भंग्याला संघात स्थान मिळाले, ते याच कारणाने. ध्येय एक असल्यावाचून ते शक्य नव्हते.

नदी आणि समुद्र यांची उपमा या संदर्भात फार बोलकी आहे. शिवमहिम्न स्तोत्रात नाना नद्या एकाच समुद्राला मिळतात, तसे रुचिभेदाने नाना मार्गांनी जाणारे लोक एकाच ईश्वराला मिळतात, असे म्हटले आहे. स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली शिकागोत तिचाच आधार घेतला. पालि साहित्यातही हीच उपमा आहे, परंतु तेथे भर दुसऱ्या गोष्टीवर आहे : समुद्राला मिळाल्यावर नद्यांची पूर्वीची नावे उरत नाहीत, तसेच चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर त्यांची नावे आणि गोत्रे उरत नाहीत, आणि समुद्राला एकच चव असते. पहिल्या उपमेत नद्या वेगळ्या राहण्याचे समर्थन आहे. दुसरीत नावे गळून पडण्याचा आनंद आहे. उपमा एकच, परंतु समाज दोन.

निकष आणि सहिष्णुता

सापेक्षतावादी मित्र कालाम सुत्ताचा आधार घेतात. कोणावरही विश्वास ठेवू नका, स्वतःला पटेल ते करा, असा त्याचा अर्थ लावला जातो. हा अर्थ अपुरा आहे. केसपुत्तच्या कालामांना परंपरा, ग्रंथ, तर्क आणि गुरू यांवर अंधपणे विसंबू नका असे सांगून तथागत थांबले नाहीत. लोभ, द्वेष आणि मोह यांनी ग्रस्त झालेला मनुष्य हिंसा करतो, चोरी करतो, खोटे बोलतो, हे अहिताचे आहे की नाही, असे त्यांनी एकेक करून विचारले आणि कालामांकडून उत्तर घेतले. परीक्षेचे स्वातंत्र्य सर्वांना आहे, परंतु परीक्षेचा निकष मनमानी नाही. दुःख वाढते की कमी होते, हा तो निकष आहे.

नैतिकता समूहासमूहानुसार वेगळी असते, या मताला बाबासाहेबांनी उपरोक्त ग्रंथातच उत्तर दिले आहे. चोरांतही आपसात नीती असते, व्यापाऱ्यांत असते, जातभाईंमध्येही असते. परंतु ती आपल्या गटापुरती आणि इतरांना वगळणारी असते. म्हणून नीती असणे पुरेसे नाही. ती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे. सापेक्षतावादाला चोराची नीती आणि साधूची नीती यांत फरक करण्याचे साधनच उरत नाही. बाबासाहेबांनी येवल्याच्या घोषणेपासून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत एकवीस वर्षे निरनिराळ्या धर्मांचा विचार केला. १९५० सालच्या महाबोधी नियतकालिकातील लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या सांगितल्या : धर्म नीतीवर उभा असावा, बुद्धीला व विज्ञानाला धरून असावा, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मान्य करणारा असावा, दारिद्र्याला पावित्र्य देणारा नसावा. सर्व मार्ग सारखेच असते, तर ही एकवीस वर्षे व्यर्थ गेली, असे म्हणावे लागेल.

एकच निकष मानल्याने असहिष्णुता येते काय, ही शंका मात्र गंभीर आहे आणि तिला टाळून चालणार नाही. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात सर्व पाखंडांचा आदर करावा, आपल्या पंथाची अवास्तव स्तुती आणि दुसऱ्याची निंदा टाळावी, असा आदेश आहे. परंतु त्याचबरोबर सर्व पंथांत साराची वृद्धी व्हावी, असेही म्हटले आहे. सार नावाची काही वस्तू आहे, हे तो गृहीत धरतो. भारतीय संविधानातही हीच रचना आहे. अनुच्छेद २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. अस्पृश्यता पाळणे हा आमचा मार्ग आहे, असे म्हणून कोणाला १७ व्या अनुच्छेदातून सुटता येत नाही. मार्गांचे स्वातंत्र्य आणि त्या स्वातंत्र्याखालील पक्की जमीन, दोन्ही एकत्र नांदू शकतात. सहिष्णुता ही माणसाशी वागण्याची रीत आहे. ती सत्यासत्याविषयीची उदासीनता नव्हे.

आपल्या घरातील अधिकारभेद

हे परीक्षण केवळ दुसऱ्यांच्या ग्रंथाचे झाले, तर ते अपुरे राहील. आपल्या घरांत काय घडते? श्रावणात खानदेशात कानबाईचा सण येतो. रोट होतात, रात्र जागविली जाते. बौद्ध वस्तीतील काही घरांतही हे पाऊल पडते. त्या घरातील पुरुषाला विचारावे, तर तो म्हणतो, "मी मानत नाही; पण घरातल्या बायकांना बरे वाटते, त्यांना करू द्यावे." हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि एकेकाळी स्वतःही उच्चारले आहे. त्यात सौजन्य आहे, असे तेव्हा वाटत असे. आज असे वाटते की, ते गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील २६ व्या श्लोकाचेच घरगुती भाषांतर होते. मी ग्रंथ वाचणारा ज्ञानी, ती अज्ञ, तिचा बुद्धिभेद करू नये. माझ्या मार्गावर मी, तिच्या मार्गावर ती. ज्या अधिकारभेदाने माझ्या आजोबांना पाटी नाकारली, तोच मी माझ्या घरात पत्नीला लावीत होतो आणि त्याला उदारता म्हणत होतो.

याचा अर्थ घरातील स्त्रीच्या हातून रोट हिसकावून घ्यावा, असा नव्हे. बावीस प्रतिज्ञा जबरदस्तीने कोणाकडून पाळून घेण्यासाठी दिलेल्या नाहीत. तिच्याबरोबर ग्रंथ वाचावा, तिचे म्हणणे ऐकावे, तिला प्रश्न विचारू द्यावेत. आणि तिचे प्रश्न आपल्याला अडचणीचे ठरले, तर ते सहन करावेत. ती रात्र जागविताना तिला मैत्रिणी भेटतात, गाणी म्हणता येतात, वर्षातून एकदा घरकामाची पाळी चुकते, हे तिने सांगितले, तर आपल्या विहारात स्त्रियांसाठी अशी कोणती रात्र आहे, याचा विचार करण्याची वेळ आपल्यावर येईल. चूळपंथकाला वस्त्र देणे म्हणजे काय, ते येथे कळते. त्याला 'तुझ्या बुद्धीला एवढेच झेपेल' असे म्हणून सोडून दिले नव्हते. ज्या ठिकाणी इतर पोहोचतात, त्याच ठिकाणी तो पोहोचावा, म्हणून वेगळे साधन दिले होते.

विपश्यना की चळवळ, या वादालाही हाच न्याय लागू आहे. कोणी शिबिरात दहा दिवस मौन पाळील, कोणी वस्तीत रात्रशाळा चालवील. दोन्ही चरितानुसार चालू शकतात. परंतु शिबिरातून आलेल्याने वस्तीकडे पाठ फिरविली, किंवा चळवळ करणाऱ्याच्या मनातील द्वेष वाढतच गेला, तर 'तो त्याचा मार्ग' असे म्हणून आपल्याला गप्प बसता येणार नाही. दुःख कमी झाले काय, हा प्रश्न दोघांनाही विचारावा लागेल. आणि तो स्वतःला विचारण्याचे धैर्य असेल, तरच दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो. धम्मात अधिकार आहे तो एवढाच, आणि तो सर्वांना खुला आहे.

विनोबांचे प्रवचन आणि बाबासाहेबांचा लळिंगचा मुक्काम यांत पाच वर्षांचे अंतर आहे. खानदेशातील बौद्धांनी 'गीताप्रवचने' वाचू नये, असे आमचे म्हणणे नाही; अवश्य वाचावे, आणि वासेट्ठ सुत्त शेजारी ठेवून वाचावे. येत्या ३१ जुलैस लळिंगची चढण चढताना मनाशी एवढे विचारावे की, आपण येथे जन्माने आलेल्या वाटेने आलो, की निवडलेल्या वाटेने. आणि निवडलेल्या वाटेने आलो असू, तर घरातील कोणाला त्या वाटेच्या तोंडाशीच थांबवून आलो काय, हेही विचारावे.